‘काएदेताई’ नको: ‘नोन्नोन बियोरी’मधली दागाशिया मराठीत आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जपानीचा सराव म्हणून तुम्ही ‘नोन्नोन बियोरी’ या जपानी ॲनिमे मालिकेचे मराठी सबटायटल करायला घेतले आहेत. मालिकेत कागायामा काएदे नावाची वीस वर्षांची दुकानदार मुलगी आहे. तिला गावातली पोरं नावानं हाक मारत नाहीत, ‘दागाशिया’ म्हणतात. दागाशिया म्हणजे मुलांच्या स्वस्त खाऊचं दुकान. तुम्ही तिथे ‘काएदेताई’ लिहिलंत, तुमच्या मैत्रिणीला ते खटकलं, आणि आता तुम्ही विचारताय की नेमकं काय लिहायचं. पुढे असंही म्हणता की पात्र दुय्यम आहे, तेव्हा एवढा विचार करण्यात अर्थ आहे का.

मैत्रिणीचं बरोबर आहे. आणि पात्र दुय्यम आहे म्हणूनच विचार जास्त करायला हवा. मुख्य पात्राला संवाद भरपूर असतात. एका ठिकाणी भाषांतर घसरलं तर पुढच्या दहा ओळी ते सावरून घेतात. काएदे एका भागात चार-पाच मिनिटं दिसते, पुढचे दोन भाग दिसतही नाही. तेवढ्या वेळात ती प्रेक्षकाच्या मनात बसते ती तिच्या बोलण्याच्या ढंगानं, आणि इतर तिला काय म्हणतात त्यावरून. तिची हाक चुकली की सावरायला जागाच उरत नाही.

मी पुण्यात जपानी शिकवतो आणि भाषांतराचं काम करतो, आता पंचवीसेक वर्षं होतील. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात दुभाषा होतो. तिथे जपानी कामगार त्यांच्या गटप्रमुखाला ‘हांचो’ म्हणत. मी दर वेळी त्याचं ‘साहेब’ करत असे. महिनाभरात आपली पोरं त्या माणसापुढे हात बांधून उभी राहायला लागली. तो तर त्यांच्याच बाकावर बसून डबा खाणारा माणूस होता. शब्द माझा होता, अंतर त्या दोघांत पडलं. तेव्हापासून हाकेचा शब्द दिसला की मी थांबतो.

आधी जपानी बाजू नीट पाहू. ‘या’ हा प्रत्यय दुकानाला लागतो आणि दुकानदारालाही. ‘हानाया’ म्हणजे फुलांचं दुकान, आणि फुलं विकणारा माणूसही. बोलताना माणसासाठी बहुधा पुढे ‘सान’ हा आदराचा प्रत्यय येतो: हानाया-सान, पान्या-सान (पाववाला). गावांमध्ये एकाच आडनावाची घरं खूप असल्यामुळे घराला ‘यागो’ म्हणजे दुकानावरून किंवा धंद्यावरून पडलेलं नाव असायचं आणि लोक त्याच नावानं एकमेकांना ओळखायचे. काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाच्या नाट्यगृहात आजही रंगात आलेला प्रेक्षक नटाला त्याच्या घराण्याच्या यागोनं साद घालतो. इचिकावा दान्जुरो घराण्याच्या नटाला ‘नारितायाऽ’ अशी. त्यामुळे धंद्याच्या नावानं हाक मारणं जपानी कानाला तुसडं वाटत नाही. आपल्यालाही ते परकं नाही. सोनार, तेली, कुलकर्णी, देशमुख ही आडनावं त्याच वाटेनं आली, आणि ‘मास्तर’ म्हणताना माणसाचं नाव माहीत असावं लागत नाही.

पण इथे एक बारकावा आहे. रेंगे, नात्सुमी, कोमारी या पोरी ‘दागाशिया-सान’ म्हणत नाहीत, नुसतंच ‘दागाशिया’ म्हणतात. ‘सान’ गळालं की हाक एकतर उद्धट होते किंवा फार जवळची. इथे ती जवळची आहे. दुकानाचं नाव झिजून झिजून माणसाचं नाव झालंय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, दुकानदारणीलाही नाही.

आता ‘ताई’कडे येऊ. मराठीला नात्याचा शब्द लावल्याशिवाय राहवत नाही. रिक्षावाला काका होतो, भाजीवाली मावशी होते, बँकेतली अनोळखी बाई ताई होते. ही आपल्या भाषेची माया आहे आणि मला ती फार आवडते. म्हणूनच तुमच्या हातून ‘काएदेताई’ लिहिलं गेलं, तुम्हाला तो शब्द शोधावा लागलाच नसेल. पण या मालिकेत तो शब्द आधीच दुसऱ्या कुणाचा आहे. रेंगेला दोन सख्ख्या बहिणी आहेत. मोठी काझुहो, जी गावातल्या शाळेची एकुलती शिक्षिका आहे आणि वर्गात डुलक्या काढते. तिला रेंगे ‘नेएनेए’ म्हणते. मधली हिकागे तोक्योला हायस्कुलात आहे; ती ‘हिकानेए’. मराठीत पहिली झाली ‘ताई’, दुसरी ‘हिकाताई’. त्यात तिसरी ‘काएदेताई’ आली की प्रेक्षकाला वाटणार, ही तिसरी बहीण किंवा चुलत-मामेबहीण. गोंधळ तर होणारच, पण माझी मुख्य अडचण ती नाही.

माझी अडचण अशी की ‘ताई’ म्हटल्यावर मालिकेनं झाकून ठेवलेली गोष्ट उघडी पडते. काएदे वीस वर्षांची, रेंगे पहिलीत. म्हणजे रेंगे तान्ही होती तेव्हा काएदे स्वतः शाळकरी मुलगी होती. मागच्या काळातला एक प्रसंग मालिकेत येतो: काझुहो घरातलं बाळ काएदेच्या हवाली करते. काएदेला ते काम नको असतं, तिला मुलांची आवडही नसते, आणि मग ते बाळ तिला सोडायला तयार होत नाही. पुढे सगळ्या मालिकेत काएदेचं लक्ष त्या एका पोरीवर असतं. केस पिवळे, नजर तिखट, बोलणं तुटक. अनोळखी माणसाला ती टवाळ पोरगी वाटावी. पण रेंगेचा विषय निघाला की तिचा आवाज अर्ध्या पट्टीनं खाली येतो. तिला आवाज दिलाय सातो सातोमी यांनी. तो बदल त्यांनी इतका हळू केलाय की सबटायटल वाचण्याच्या नादात तो सहज निसटतो. आधी एकदा मजकुराशिवाय ऐका.

हे दोघींचं नातं काय, ते मालिका एकदाही शब्दात सांगत नाही. ना काएदे म्हणते की ही मला बहिणीसारखी, ना रेंगे. दुकानदार आणि गिऱ्हाईक, एवढंच नाव त्या नात्याला आहे. रेंगे त्या बाईला दुकानाच्या नावानं हाक मारते आणि त्या हाकेत सगळं असतं. आपण ‘ताई’ लिहिलं की प्रेक्षकानं स्वतः बारा भागांत हळूहळू ओळखायची गोष्ट पहिल्याच ओळीत त्याच्या हातात ठेवली.

ही मालिका असं न सांगणं किती गंभीरपणे घेते, त्याचा नमुना हवा असेल तर पहिल्या पर्वाचा चौथा भाग पाहा. उन्हाळ्याच्या सुटीत रेंगेला होनोका नावाची तिच्याच वयाची मैत्रीण मिळते. गावात रेंगेच्या वयाचं दुसरं मूलच नाही, त्यामुळे ही भेट तिला केवढी मोठी. एके दिवशी ती बोलवायला जाते तर कळतं की होनोका परत गेली. रेंगे दारात उभी राहते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. संवाद नाही, मजकूर नाही, सबटायटलची पट्टी कोरी. दिग्दर्शक कावात्सुरा शिन्या यांना अशा थांबण्यावर भरवसा आहे आणि पटकथेची सूत्रं सांभाळणाऱ्या योशिदा रेइको यांनाही. जिथे मूळ मंडळी एवढा संयम ठेवतात तिथे भाषांतरकारानं ‘ताई’ घालून बोलून मोकळं होऊ नये.

मग लिहायचं काय? माझं उत्तर ‘खाऊवाली’.

‘दागाशी’ या शब्दाची फोड पाहा. ‘काशी’ म्हणजे मिठाई, आणि सुरुवातीचा ‘दा’ म्हणजे हलक्या प्रतीचं. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, पांढऱ्या साखरेची उंची मिठाई होती ती ‘जोगाशी’. सामान्य घरातल्या पोरांना परवडेल अशी, काळ्या गुळसर साखरेची, धान्याच्या पिठाची, ती दागाशी. आजही तिचं मोजमाप मुलाच्या मुठीत मावणाऱ्या नाण्यांत होतं. ‘उमाइबो’ नावाची मक्याची कुरकुरीत कांडी 1979 साली बाजारात आली आणि 2022 पर्यंत तिची किंमत 10 येनच होती. मग 12 झाली, 2024 मध्ये 15. चाळीस वर्षांहून जास्त काळ एकच किंमत टिकते तेव्हा ती पोरांच्या हिशेबाचा भाग होते. (यावरून आठवलं, येनचे रुपये करू नका. दहा येन हे दहा येनच ठेवा. पोरं हातातली नाणी मोजतात, रुपयांचा आकडा आला की ते मोजणं खोटं पडतं.)

‘खाऊ’मध्ये ‘हलक्या प्रतीचं’ हा अर्थ नाही, हे मान्य. पण मुलांसाठीचं, जेवणाबाहेरचं, थोडक्या पैशांचं आणि कुणीतरी दिल्याचा आनंद असलेलं असं सगळं त्या दोन अक्षरांत आहे. ‘मिठाईवाली’ म्हटलं की काचेची कपाटं आणि तराजू दिसतो. ‘गोळ्या-बिस्किटवाली’ अर्थानं जवळ जातं, पण हाक म्हणून तोंडात बसत नाही. ‘दुकानवाली’ ठीक आहे, पण दुकान कसलं ते सांगत नाही. काएदेचं दुकान तसं फक्त खाऊचंही नाही. ती रोजच्या वापराच्या वस्तू ठेवते, लोकांच्या वतीनं बाहेरून सामान मागवून देते, हिवाळ्यात स्कीचं साहित्य भाड्यानं देते. एवढ्याशा गावात निव्वळ खाऊवर पोट भरणार नाही. तरी पोरांच्या लेखी ती खाऊचीच, आणि हाक पोरांची आहे.

‘वाली’ कमीपणाचं वाटतं, असं तुम्ही म्हणाल. थोडं वाटतंच. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला म्हटलं तर खटकेल. पण सहा-सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी, तू-कारासह, रोज येता-जाता मारलेली ‘खाऊवाली’ ही हाक दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगात नाव होऊन जाते. ‘सान’ गाळल्यानं जपानीत जी किंचित धार येते तीच इथे ‘वाली’नं येते. ती धार घासून काढायची नाही. गावाबाहेरचं माणूस किंवा आदबीनं बोलणारं पात्र तिला ‘सान’ लावेल तिथे मात्र ‘खाऊवाल्या ताई’ जरूर लिहा. तिथे ताई शिष्टाचाराची आहे, नात्याची नाही, आणि पोरांच्या बिनताईच्या हाकेशी तिचा फरकही आपोआप दिसतो.

कुणी म्हणेल, ‘दागाशिया’ तसंच ठेवा, जपानी शब्द आहे, प्रेक्षक शिकतील. डबिंग असतं तर मी यावर बराच विचार केला असता. सबटायटलमध्ये मूळ आवाज कानावर पडतच असतो. रेंगे ‘दागाशिया’ म्हणते ते ऐकू येतं आणि त्याच क्षणी खाली ‘खाऊवाली’ दिसतं. दोन-तीनदा असं झालं की कान आणि डोळा आपसात जोडणी करून घेतात. दोन्हीकडे ‘दागाशिया’च असेल तर डोळ्याला काही मिळत नाही. शिवाय मोजून पाहा, दा-गा-शि-या आणि खा-ऊ-वा-ली, दोन्हीकडे चार ठोके. शेतापलीकडून हाक मारायची तर दोन्हींचा शेवटचा स्वर ताणता येतो. लिहिताना अवग्रह द्या: ‘खाऊवालीऽऽ’.

दुसऱ्या भागाच्या शीर्षकात या निवडीचा खरा फायदा दिसतो. या मालिकेत भागांची नावं बहुतेक भूतकाळातल्या साध्या वाक्यासारखी असतात, मुलांच्या रोजनिशीतल्या ओळीसारखी. पहिला भाग ‘तेनकोसेइ गा किता’, म्हणजे बदली होऊन आलेली मुलगी आली. ती होतारु, तोक्योहून पाचवीत आलेली. दुसरा ‘दागाशिया नि इत्ता’. याचा अर्थ खाऊच्या दुकानात गेलो असाही होतो आणि दागाशिया नावाच्या बाईकडे गेलो असाही. जपानीत दोन्ही एकाच शब्दात बसलंय. ‘खाऊच्या दुकानात गेलो’ लिहिलं की बाई गेली. ‘काएदेताईकडे गेलो’ लिहिलं की दुकान गेलं. पण मराठीत ‘वाण्याकडे जाऊन ये’ म्हटलं की माणूस आणि दुकान एकदमच येतात. म्हणून ‘खाऊवालीकडे गेलो’. ‘कडे’ या प्रत्ययानं आपलं काम फुकटात केलं.

‘इत्ता’ या क्रियापदाला कर्ताच नाही, ही या शीर्षकातली दुसरी अडचण. कोण गेलं? जपानीला सांगायची गरज वाटत नाही. मराठीला गेला, गेली, गेले यातलं एक निवडावंच लागतं. ‘गेलो’मध्ये ‘आम्ही’ दडलेला आहे आणि ‘आम्ही गेलो’ला लिंगभेद नाही, म्हणून तो इथे चालतो. दहावा भाग ‘हात्सुहिनोदे ओ मिता’ सोपा आहे: ‘वर्षाचा पहिला सूर्योदय पाहिला’. क्रियापद सूर्योदयामागे गेलं, पाहणारा कोण हे विचारायलाच नको. शाळेत कर्मणी प्रयोग घोकताना त्याचा असा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता काएदेचं स्वतःचं बोलणं. ती समोरच्याला ‘ओमाए’ (रांगडं ‘तू’) म्हणते, वाक्यं ‘दारो’ (साधारण ‘असेल ना’) या शेपटानं तोडते, जे ऐकताना रांगडं वाटतं. समजा ‘ओमाए, माता किता नो का’ अशा धर्तीचं वाक्य आलं. ‘तू पुन्हा आली आहेस का?’ हे बरोबर आहे, पण काएदेचं नाही. ‘आलीस परत?’ एवढंच पुरे. तिच्या वाक्यातले ‘आहे’, ‘का’ जिथे गाळता येतील तिथे गाळा. रेंगेशी बोलताना तिला एक ‘गं’ द्या, पण तोही जपून, आणि दुसऱ्या कुणाशी बोलताना अजिबात नको. तिचा आवाज जिथे खाली येतो तिथे मराठीतला तो एक ‘गं’ ते काम करील.

माझ्या एका विद्यार्थिनीनं काएदेला कोल्हापूरकडच्या बायकांसारखं ‘मी जातो, मी आलो’ बोलायला लावलं होतं. कल्पना सुरेख होती, रांगडेपणा अचूक उतरला होता. तरी मी ते काढायला लावलं. ते बोलणं ऐकलं की मराठी माणसाला पंचगंगा दिसते, आणि ही मुलगी जपानी डोंगरातल्या आसाहिगाओका नावाच्या काल्पनिक गावात बसली आहे. गावाची शाळा रंगवताना सैतामा प्रांतातल्या ओगावा गावाची शिमोझातो ही खरीखुरी जुनी लाकडी शाळा समोर ठेवलेली होती. ती 2011 मध्ये बंद झाली आणि आता मालिकेचे चाहते ती पाहायला जातात. गावाला खरा पत्ता नसला तरी माती जपानचीच आहे. शाळेबद्दल एवढंच सांगतो की ‘बुन्को’ला (मोठ्या शाळेची गावातली छोटी शाळा) ‘शाखा’ म्हणू नका, बँकेची आठवण होते. पाच मुलं, पहिलीपासून नववीपर्यंत सगळी एका खोलीत, शिक्षिका एक. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ‘एकशिक्षकी शाळा’ म्हटलं की चित्र उभं राहतं.

काएदे काझुहोला ‘सेनपाई’ म्हणते. शाळेत पुढे असलेली, वयानं मोठी. इथे तुमची ‘ताई’ कामाला येते. ‘काझुहोताई, तुम्ही’ असं लिहा. रेंगेची सख्खी ‘ताई’ आणि काएदेची ‘काझुहोताई’ ही एकच व्यक्ती आहे, त्यामुळे गोंधळ होत नाही. आणि सगळ्या गावाशी तुटक बोलणारी काएदे एका माणसापुढे अहो-जाहो करते, हे दिसतं. तेच माणूस वर्गात झोपा काढतं. तरीही आदर आहे, कारण बाळ तिनंच हवाली केलं होतं. हे मी म्हणतोय, मालिका म्हणत नाही. तुम्हीही कुठे लिहू नका.

रेंगेच्या ‘न्यानपासु’ला हात लावू नका. तिनं स्वतः घडवलेलं अभिवादन आहे, त्याला अर्थ नाही, तसंच राहू द्या. तिच्या वाक्यांना शेवटी चिकटणारा ‘नोन’ मराठीत आणायचे प्रयत्न मी केले होते, सगळे फसले. तिची वाक्यं मोठ्या माणसासारखी गंभीर आणि पूर्ण ठेवली की ती रेंगे वाटते.

शेवटी एक हिशेबाची गोष्ट. मालिकेची तीन पर्वं आहेत: 2013, 2015 आणि 2021. मध्ये 2018 चा ओकिनावाच्या सहलीचा चित्रपट. दुसरं पर्व पहिल्याच वर्षात परत जातं, त्याच उन्हाळ्या-हिवाळ्यातले राहून गेलेले दिवस दाखवतं. तिसऱ्याच्या अखेरीस मात्र मुलं एक इयत्ता वर सरकतात. तुम्ही आज ‘खाऊवाली’ ठरवलंत तर ती तिन्ही पर्वांत तीच राहिली पाहिजे. शब्दांची एक वही करा. डावीकडे जपानी हाक, मध्ये ती कोण कुणाला मारतं, उजवीकडे मराठी. ‘दागाशिया’च्या ओळीत रेंगे, नात्सुमी आणि कोमारी यांच्यासाठी वेगवेगळ्या तीन नोंदी करा, शब्द एकच असला तरी. नात्सुमीच्या तोंडी तो खोडकर येतो, बहुतेकदा काहीतरी मागायचं असतं तेव्हा. कोमारी मोठं दिसायच्या धडपडीत असते, तिच्या वाक्यात त्या शब्दाच्या आसपास थोडा तोरा येऊ द्या. रेंगेच्या तोंडी मात्र तो कुठल्याही विशेषणाशिवाय, स्वल्पविरामानं वाक्यापासून सुटा लिहा. ‘खाऊवाली, हे केवढ्याला?’

दुसऱ्या भागाची फाइल आधी उघडा. होतारु शहरी कपड्यांत येते आणि कोमारी तिला ओळखतच नाही, तो भाग. तिथे ही हाक पहिल्यांदा नीट ऐकू येते. तिथे शब्द बसला की पुढचं सोपं जाईल. नाही बसला, तर तुम्ही काय लिहिलंत ते मला पाठवा, आपण एकत्र बघू.